वाचक विचारतात : घोडेस्वाराचे संरक्षक जाकीट आणि त्याची आघात-चाचणी

मागील अंकात नागपुरातील घोडेस्वारीच्या वर्गांविषयी लेख प्रसिद्ध झाला होता. ‘हेल्मेटबरोबर प्रमाणित संरक्षक जाकीटही वापरावे’ या त्यातील एका सूचनेवर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. ‘प्रमाणित’ म्हणजे कोणत्या कसोटीवर घासून पाहिलेले, हा बहुतेक पत्रांचा गाभा आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. माझी बरीच वर्षे पदार्थ-चाचणीच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे उत्तरे यंत्राकडे जरा अधिक झुकली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी सहा महिन्यांपासून घोडेस्वारी शिकत आहे. आता उड्यांचा सराव सुरू होणार असल्याने शिक्षकांनी ‘लेव्हल थ्री’चे जाकीट आणण्यास सांगितले आहे. दुकानदार म्हणतात की, हे घातल्यावर पडण्याची भीतीच नाही. ही पातळी म्हणजे नेमके काय, आणि ती खरोखर इतकी खात्री देते का? (एक पालक, धरमपेठ)

उत्तर : आधी दुकानदारांच्या वाक्याविषयी. असे आश्वासन कोणतेही प्रमाणपत्र देत नाही आणि कोणताही जबाबदार उत्पादक देणार नाही. प्रमाणपत्र सांगते ते एवढेच, की ठरवून दिलेल्या परिस्थितीत, ठरवून दिलेला ठोका बसला असता जाकिटाच्या आरपार पोहोचणारे बल ठरवून दिलेल्या मर्यादेत राहिले. या वाक्यात ‘ठरवून दिलेले’ हे शब्द तीनदा आले आहेत आणि तिन्ही वेळा ते महत्त्वाचे आहेत.

घोडेस्वारांच्या जाकिटांसाठी युरोपात ‘ईएन १३१५८’ हे मानक आहे. ब्रिटनमधील घोडेस्वारी साहित्याच्या व्यापारी संघटनेचे, म्हणजे ‘बीटा’चे, लेबल त्याच चौकटीत बसते. अमेरिकेत ‘एएसटीएम एफ१९३७’ हे मानक आणि त्यासोबत ‘एसईआय’ या सुरक्षा-साहित्य तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणन चालते. युरोपीय मानकात तीन पातळ्या आहेत. पहिली पातळी सर्वांत हलक्या जाकिटांची असून शर्यतीतील जॉकींना वजनाचा एकेक ग्रॅम मोजावा लागतो, म्हणून ती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तिसरी पातळी सर्वसाधारण रपेट, उड्या, स्पर्धा आणि घोड्यांच्या सान्निध्यातील काम यांसाठी सुचवली जाते. ‘बीटा’च्या तिसऱ्या पातळीचे लेबल २००९ च्या आवृत्तीत जांभळे होते, २०१८ च्या आवृत्तीत ते निळे झाले. म्हणजे रंगावरून जाकीट कोणत्या आवृत्तीच्या कसोटीतून गेले आहे, हेही कळते. शिक्षकांची सूचना योग्य आहे.

आता चाचणीविषयी. एका जड पायावर पोलादी ऐरण बसवलेली असते आणि तिच्याखाली बल मोजणारा संवेदक असतो. ऐरणीवर जाकिटाचा भाग पसरतात आणि ठरावीक वजनाचा, ठरावीक आकाराचा घण ठरावीक उंचीवरून तिच्यावर सोडतात. घण जाकिटावर आदळून थांबेपर्यंतच्या काही हजारांश सेकंदांत ऐरणीवर किती बल आले, याचा आलेख नोंदवला जातो आणि त्याचे शिखर मर्यादेखाली आहे की नाही, हे पाहिले जाते. असे ठोके एकाच जागी नव्हे, तर जाकिटावर निरनिराळ्या ठिकाणी दिले जातात.

जाकिटाचे खरे काम या आलेखातच दिसते. पाच किलोचा घण एक मीटरवरून पडला, तर त्याच्यात सुमारे ४९ ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कोठेतरी संपलीच पाहिजे आणि ती जितक्या अंतरात संपते, त्यावर बल अवलंबून असते. घण २० मिलिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल सुमारे २,४५० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलो वजनाइतके भरते. तोच घण ५ मिलिमीटरमध्ये थांबला, तर बल ९,८०० न्यूटनवर, जवळजवळ एक टन वजनाइतके चढते. जाकीट ऊर्जेला ‘अडवते’ असे आपण बोलतो खरे, पण ते खरोखर करते काय, तर थांबण्यासाठी काही मिलिमीटर जागा मिळवून देते आणि ठोका अधिक क्षेत्रफळावर पसरवते. त्यातील फोम निव्वळ खोगीरभरती नाही. बंद पेशींचा हा फोम आधी थोडा ताठ राहतो, मग पेशी दुमडत असताना जवळजवळ स्थिर बलाने दबत जातो आणि सर्व पेशी चपट्या झाल्या की एकाएकी दगडासारखा कठीण होतो. चांगले जाकीट ते, जे चाचणीतील ठोका मधल्या टप्प्यातच संपवते आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊ देत नाही.

यावरून जाकीट काय करू शकत नाही, तेही उघड होते. पाठीचा कणा पिरगळला किंवा मागे-पुढे वाजवीपेक्षा जास्त वाकला, तर फोमचे मिलिमीटर तेथे उपयोगी नाहीत. अंगावर घोडाच कोसळला, तर पाचशे किलोंचे ते ओझे फोमला पूर्ण चपटे करून वर उरते. जाकीट मुख्यतः खरचटणे, मुका मार, बरगड्यांना बसणारा ठोका आणि टापेचा फटका यांसाठी आहे, आणि तेवढ्यासाठी ते घ्यावेच.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची पद्धत आहे, पण या जाकिटाच्या बाबतीत ती सोडावी. सैल जाकीट पडताना वर सरकते आणि ज्या बरगड्या झाकायच्या त्याच उघड्या पडतात. पुढच्या बाजूने त्याची खालची कड शेवटच्या बरगडीच्या किमान २५ मिलिमीटर खाली यावी, मागून वरची कड मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या उंच मणक्यापर्यंत पोहोचावी, आणि खोगिरावर बसल्यावर मागची खालची कड खोगिराला टेकून जाकीट वर ढकलले जाऊ नये. म्हणून मुलीला दुकानात नुसते उभे करून माप घेऊ नका. स्टुलावर घोड्यावर बसल्यासारखी मांड घालायला लावा आणि मग पट्टे बांधा. माझ्या मते तिसऱ्या पातळीच्या चुकीच्या मापापेक्षा दुसऱ्या पातळीचे नेमके माप बरे. अर्थात, तिसऱ्या पातळीत नेमके माप मिळत असताना तडजोड कशाला करायची?

प्रश्न : आपल्या मासिकातील लेख वाचून मी सहज हिशेब केला. ६० किलोचा स्वार दीड मीटर उंचीवरून पडला, तर त्याची ऊर्जा सुमारे ८८० ज्यूल भरते. या जाकिटांच्या चाचणीतील ठोके मात्र शंभर ज्यूलच्याही आतले असतात, असे वाचनात आले. हा ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार नव्हे काय? (एक निवृत्त विज्ञान शिक्षक, महाल)

उत्तर : सर, आपला हिशेब बिनचूक आहे. दीड मीटरवरून जमिनीवर येईपर्यंत वेगही ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या घरात जातो. परंतु माणूस म्हणजे ऐरणीवर आदळणारा एकसंध पोलादी गोळा नव्हे. तो पडतो तेव्हा कधी हात आधी टेकतो, कधी खांदा, कधी कुल्हा. शरीराचे सांधे दुमडतात, स्नायू ताणले जातात, अंग कलंडते, आणि त्या ८८० ज्यूलपैकी मोठा भाग या सगळ्यांत वाटला जातो. छातीच्या किंवा पाठीच्या एखाद्या तळहाताएवढ्या जागेवर त्यातील थोडाच वाटा येतो. चाचणी या तळहाताएवढ्या जागेचा विचार करते. अडथळ्याची दांडी, कुंपणाचा खांब, जमिनीतून वर आलेला दगड किंवा टाप यांनी एका ठिकाणी बसणारा ठोका हे तिचे लक्ष्य आहे, सपाट मातीवर आडवे पडणे नव्हे.

दुसरे असे की, केवळ ज्यूल पाहून ठोक्याची तुलना करता येत नाही. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १२० किलोमीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा सुमारे ८९ ज्यूल असते, म्हणजे वरच्या उत्तरातील पाच किलोच्या घणाहून बरीच जास्त. तरीही संवेग पाहिला, तर घणाचा तो चेंडूच्या चौपटीहून अधिक आहे. शिवाय चेंडू स्वतः दबतो आणि उसळून परत जातो. म्हणून प्रत्येक मानकात ऊर्जेबरोबर घणाचे वजन, त्याच्या तोंडाचा आकार आणि ऐरणीचा आकार हेही बांधून दिलेले असतात. धारदार कडेचा घण आणि सपाट तोंडाचा घण यांची ऊर्जा एकच असली, तरी फोमवर त्यांचा परिणाम वेगळा होतो.

आपल्या शंकेत एक अंश मात्र खरा आहे. चाचणीतील ऊर्जा अपघाताची प्रतिकृती म्हणून निवडलेली नसते. एका जाकिटाची दुसऱ्याशी न्याय्य तुलना व्हावी आणि जाकीट इतके जाड होऊ नये की ते घालून कोणी मांडच घालू शकणार नाही, या दोन टोकांमधला तो तोडगा असतो. दहा सेंटिमीटर फोम लावला तर कोणतीही चाचणी सहज उत्तीर्ण होता येईल, पण असा गादी गुंडाळलेला स्वार पहिल्याच वळणावर खाली येईल. यात फसवणूक नाही. दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्प म्हणून या चाचणीचे लहान यंत्र बनवले. लोखंडी नळ्यांच्या मार्गिकेतून ५ किलोचे वजन १ मीटरवरून सोडतो. खाली वजनकाट्याचा लोडसेल (बल मोजणारा संवेदक), त्याचे संकेत आकड्यांत बदलणारे ‘एचएक्स७११’ मॉड्यूल आणि आर्दुइनो हा छोटा नियंत्रक आहे. परंतु त्याच नमुन्यावर कधी ३० किलो बल दिसते, कधी ४०० किलो. एकदा तर फोम न ठेवता केलेल्या ठोक्याला फोमसहित ठोक्यापेक्षा कमी बल आले. मोबाइलमधील त्वरणमापी बांधून पाहिला, तर आकडा दर वेळी १६ जीवरच (गुरुत्वीय त्वरणाच्या १६ पटींवरच) अडतो. आमचे काय चुकते? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर : फारसे काही चुकत नाही, घड्याळ चुकीचे निवडले आहे, इतकेच. एक मीटरवरून पडलेल्या वजनाचा वेग आदळताना सेकंदाला ४.४३ मीटर असतो. ते २० मिलिमीटर फोममध्ये थांबले, तर थांबायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर सव्वादोन मिलिसेकंद. ‘एचएक्स७११’ सेकंदाला १० किंवा फार तर ८० नोंदी देते, म्हणजे दोन नोंदींमध्ये किमान साडेबारा मिलिसेकंदांचे अंतर असते. तुमचा सगळा ठोका दोन नोंदींच्या मधल्या फटीत सुरू होऊन संपूनही जातो. कधी त्याची शेपटी हाती लागते, कधी शिखराच्या जवळपासचे काही, तर कधी नुसते उसळलेले वजन परत टेकतानाचे बल. पोलादावरचा ठोका फोमवरच्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो, म्हणून तो तुमच्या यंत्राला सर्वांत कमी दिसला. हे मॉड्यूल किराणा दुकानातल्या तांदळाच्या वजनासाठी उत्तम आहे, पण ठोक्यासाठी त्याचा उपयोग नाही.

मोबाइलची अडचण वेगळी आहे. ४.४३ मीटरचा वेग २० मिलिमीटरमध्ये शून्यावर आणायचा, तर सरासरी मंदनच ५० जी भरते आणि शिखर त्याहून वर जाते. १६ जीला थांबणारा संवेदक तेथे भिंतीला टेकलेल्या काट्यासारखा अडकून राहतो.

प्रयोगशाळांत ऐरणीखाली दाबविद्युत प्रकारचा, म्हणजे दाब पडताच विद्युत संकेत देणारा, बलसंवेदक असतो आणि नोंदी सेकंदाला काही हजारांनी घेतल्या जातात. तो संवेदक महाग आहे. विद्यार्थ्यांसाठी सोपी वाट म्हणजे पडणाऱ्या वजनालाच उच्च क्षमतेचा त्वरणमापी घट्ट आवळून बसवणे आणि वस्तुमान गुणिले मंदन या हिशेबाने बल काढणे. ‘एडीएक्सएल३७५’ हा संवेदक २०० जीपर्यंत जातो आणि सेकंदाला ३,२०० नोंदी देऊ शकतो. नऊ मिलिसेकंदांच्या ठोक्यात त्याच्याकडून तुम्हाला अठ्ठावीस-एकोणतीस बिंदू मिळतील आणि आलेखाचा आकार ओळखू येईल. मात्र मोकळ्या ऐरणीवर त्याच्यासह वजन सोडू नका. ५ मिलिमीटरमध्ये थांबण्याची नुसती सरासरीच २०० जी होते, तेव्हा उघड्या पोलादावर तो आकडा क्षणात ओलांडला जाईल. संवेदक दुहेरी टेपने चिकटवण्याचा मोह टाळा. टेपच स्प्रिंगसारखी वागते आणि आलेखावर अशा लाटा उमटतात, की त्या फोमच्या आहेत की टेपच्या, हे कळेनासे होते.

पुढची गोष्ट मार्गिकेच्या घर्षणाची. उंची एक मीटर आहे म्हणून ऊर्जा ४९ ज्यूल आहे असे गृहीत धरू नका. आदळण्याच्या अगदी आधी दोन प्रकाश-संवेदक एकमेकांपासून मोजलेल्या अंतरावर लावा आणि वेग प्रत्यक्ष मोजा. वेग ४.४३ ऐवजी ४ मीटर भरला, तर ऊर्जा ४० ज्यूलच उरते, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा नळ्यांनीच खाल्ला. इतवारीतल्या लोहाओळीत मिळणाऱ्या नळ्या वजनाच्या हिशेबात चांगल्या असल्या, तरी आतून गुळगुळीत असतीलच असे नाही; त्यापेक्षा ताणून बांधलेल्या दोन तारांवर वजन सोडणे बरे पडते. यंत्र टेबलावर ठेवले असेल, तर ते खाली जमिनीवर आणा. टेबल दबते, थोडी ऊर्जा गिळते आणि श्रेय फोमला मिळते.

नमुन्यावर एकाच जागी लागोपाठ ठोके मारत असाल, तर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा चढाच येईल, कारण दबलेल्या पेशींना परत फुलायला वेळ लागतो. हा दोष यंत्राचा नसून तो फोमचा स्वभाव आहे, आणि तुमच्या प्रकल्पासाठी हाच सर्वांत मनोरंजक विषय ठरू शकेल. योगासनांची चटई, जुन्या शूजचा तळ, पॅकिंगचा थर्माकोल असे चार-पाच नमुने घेऊन प्रत्येक जण किती वेळात पूर्ववत होतो, याचा तक्ता करा. थर्माकोल मुळीच पूर्ववत होत नाही, म्हणून तो हेल्मेटमध्ये एका मोठ्या ठोक्यापुरता असतो. तुमच्या यंत्रावर कोणत्याही जाकिटाला ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवू नका. तुमच्या ऐरणीचा आणि घणाच्या तोंडाचा आकार मानकातला नाही. तुलनात्मक निष्कर्ष मात्र निःशंक लिहा. वजन वर अडकवून ठेवायला खिट्टी लावा आणि खाली नमुना सरळ करताना कोणाचाही हात ऐरणीवर असू नये, हे तुम्हाला सांगावे लागू नये, तरी सांगतो.

प्रश्न : काटोल रोडवरील आमच्या पागेत दहा-बारा जाकिटे आहेत. मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत राहिली, तर घालताना अगदी लुळी पडलेली वाटतात. डिसेंबरच्या पहाटे तीच पुठ्ठ्यासारखी ताठ असतात. हवामानाचा त्यांच्या संरक्षणावर परिणाम होतो का? (एक घोडेस्वारी प्रशिक्षक)

उत्तर : होतो, आणि या स्तंभात आलेल्या प्रश्नांपैकी नागपूरकरांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

या जाकिटांत वापरला जाणारा पीव्हीसी-नायट्राइल प्रकारचा फोम उष्णतेने मऊ होतो, आणि हा गुण मुद्दाम निवडलेला आहे. अंगावर घातल्यावर शरीराच्या उबेने तो पाच-दहा मिनिटांत सैलावतो आणि छाती-पाठीचा आकार घेतो, त्यामुळे मांड अवघडत नाही. परंतु मऊ फोम दबायला कमी बल लागते, म्हणजे त्याच ठोक्याला तो अधिक खोल दबतो आणि वर सांगितलेल्या शेवटच्या, दगडासारख्या टप्प्यावर लवकर पोहोचतो. त्या टप्प्यावर बल एकदम उसळते. थंडीत उलट घडते. फोम दबायलाच नाखूश असतो, ठोका कमी अंतरात थांबतो आणि जाकीट अंगाला नीट न बसल्याने कडांशी फट राहते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे किमान तापमान दहा अंशांखाली जाते, तेव्हा पहाटेच्या पहिल्या रपेटीपूर्वी जाकीट घालून दहा मिनिटे घोड्याला खरारा करणे हा सोपा उपाय आहे. तोवर फोम उबदार होतो आणि मोतद्दारालाही हातभार लागतो.

उन्हाळ्याचे इतके सोपे नाही. मोटारसायकलस्वारांच्या संरक्षकांसाठी असलेल्या ‘ईएन १६२१’ या युरोपीय मानकमालेत ४० अंश सेल्सिअसला आणि उणे १० अंशांना ऐच्छिक चाचणी करण्याची सोय आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या वस्तूवर ‘टी’ अधिक किंवा ‘टी’ उणे अशी खूण असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. तेही सावलीतले आणि हवेचे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिकीत ते याहून बरेच चढते. ज्यांनी युरोपात ही मानके लिहिली, त्यांच्या डोळ्यांपुढे विदर्भातला मे महिना असण्याचे कारण नव्हते. म्हणून लेबलावरची पातळी ही आपल्या दुपारी मिळणाऱ्या संरक्षणाचे माप आहे, असे समजू नये.

व्यवहारात काय करावे? जाकिटे डिकीत ठेवू नयेत. पागेत सावलीच्या, हवेशीर खोलीत रुंद हँगरवर टांगावीत. गाडीतून आणावीच लागली, तर घालण्यापूर्वी अर्धा तास सावलीत गार होऊ द्यावीत. ओली झालेली जाकिटे उन्हात वाळत घालू नयेत, कारण उष्णता नुसते तात्पुरते मऊ करत नाही, फोमचे वयही वाढवते. कूलर असलेल्या दमट खोलीत मात्र ती महिनोन्महिने कोंबून ठेवू नका; बुरशी धरते आणि वास तर असा येतो, की मुले जाकीट घालायलाच नाखूश होतात. मे महिन्यात रपेट सकाळी सातच्या आत संपवणे घोड्यांसाठी तर योग्य आहेच, पण जाकिटातल्या मुलांसाठीही योग्य आहे. अंगाभोवती आवळलेल्या फोमखाली घाम वाळत नाही, आणि ऊन लागून चक्कर आलेला स्वार पडणार, हे सांगायला यंत्र लागत नाही.

आपल्या मैदानाविषयीही थोडे लिहावेसे वाटते. आपल्याकडची काळी माती एप्रिलपासून भेगाळून विटेसारखी टणक होते; मुरमाच्या पट्ट्या त्याहून कडक असतात. पडणाऱ्या स्वाराला थांबायला मिलिमीटर हवे असतात, हे आपण वर पाहिले. ते जाकिटाने द्यायचे किंवा जमिनीने. उड्यांच्या अडथळ्यांभोवती वाळू आणि लाकडाचा भुसा घातलेली, खणून भुसभुशीत केलेली पट्टी जेवढे काम करते, तेवढे दोन सेंटिमीटर फोमला जमत नाही. जाकिटांचा खर्च करणाऱ्या पागा जमिनीच्या खर्चाला मागे-पुढे पाहतात, हे मला कोडेच आहे.

प्रश्न : घरात जुने बुलेटप्रूफ जाकीट आहे, शिवाय मोटारसायकलचा बॅक प्रोटेक्टरही आहे. घोड्यावर बसताना यांपैकी एखादे चालेल का? (एक वाचक, वाडी)

उत्तर : दोन्ही नकोत. बुलेटप्रूफ जाकीट गोळी आत शिरू नये म्हणून बनवलेले असते. अमेरिकेच्या ‘एनआयजे’ (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) मानकात गोळी अडवताना मागच्या चिकणमातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खोल खड्डा पडला, तरी ते चालते. म्हणजे मुका मार तेथे स्वीकारलेला आहे. मोटारसायकलचा बॅक प्रोटेक्टर ‘ईएन १६२१-२’ प्रमाणे ५० ज्यूलच्या ठोक्याला तपासतात आणि पहिल्या पातळीत सरासरी १८ किलोन्यूटन, दुसऱ्या पातळीत ९ किलोन्यूटनपर्यंत बल आरपार गेलेले चालते. पण तो फक्त पाठ झाकतो. घोडेस्वाराला टाप बसते ती बहुधा छातीवर किंवा कुशीत, म्हणूनच त्याच्या जाकिटात बरगड्यांना चोहोबाजूंनी वेढलेले असते.

प्रश्न : हवेने फुगणारी जाकिटे साध्या जाकिटांपेक्षा चांगली असतात का? ती घेतली, तर फोमचे जाकीट लागणार नाही ना? (दोन वाचक, सिव्हिल लाइन्स आणि सदर)

उत्तर : या जाकिटात कार्बन डायऑक्साइडची लहान नळकांडी असते. स्वार खोगिरापासून सुटला की खोगिराला बांधलेली दोरी ताणली जाते, नळकांडी फुटते आणि सेकंदाच्या अंशात जाकीट फुगते. हवेची उशी फोमपेक्षा जाड असल्याने थांबायला अधिक अंतर मिळते आणि काही जाकिटांत मानेभोवतीही आधार येतो. परंतु दोरी ताणली जाण्यापूर्वी जे घडते, त्याला हे जाकीट रिकामेच सामोरे जाते. घोडा स्वारासकट आडवा झाला आणि स्वार खोगिरातच राहिला, तर दोरी ताणली जाणारच नाही. तबेल्यात खाली उभे असताना टाप बसली, तरीही नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या इव्हेंटिंग या तीन टप्प्यांच्या स्पर्धेत क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातील अडथळ्यांच्या टप्प्यासाठी साधे बॉडी प्रोटेक्टर (फोमचे जाकीट) सक्तीचे आहे आणि फुगणारे जाकीट घालायचे, तर ते त्याच्यावर घालायचे असते, त्याच्याऐवजी नव्हे. भारताच्या फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, ते याच क्रीडाप्रकारात.

या जाकिटांची कसोटीही वेगळी आहे. त्यांच्यासाठी ब्रिटनमधील ‘साट्रा’ या संस्थेचे ‘एम३८’ हे स्वतंत्र मानक आहे. फोमच्या जाकिटाची ‘लेव्हल थ्री’ आणि फुगणाऱ्या जाकिटाचे प्रमाणपत्र यांची परस्पर तुलना करू नये.

दोन व्यावहारिक गोष्टी. उतरताना दोरी सोडायला विसरणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. मग भर मैदानात ‘फट्’ असा आवाज होतो आणि जवळची घोडी चौखूर उधळते. घोड्याला हा आवाज आधी लांबून, मग जवळून ऐकवून सवय करावी. दुसरे असे की, नळकांडी एकदाच वापरता येते. नागपुरात ती लगेच मिळेल असे धरून चालू नका, जाकिटाबरोबरच दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा आणि त्याही डिकीत ठेवू नका.

प्रश्न : ओळखीच्या एका स्वाराकडून वापरलेले जाकीट निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर : तीन प्रश्न विचारून मग ठरवावे. पहिला, ते किती जुने आहे? फोमची आघात शोषण्याची क्षमता वयाने घटते, म्हणून तीन ते पाच वर्षांनी जाकीट बदलावे, अशी शिफारस ‘बीटा’ करते. आतल्या लेबलावर मानकाचा क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष असते. लेबल कापलेले असेल, तर तेथेच नाही म्हणावे. दुसरा, ते घालून कोणी जोरात पडले आहे का, आणि कोणत्या बाजूवर? तिसरा प्रश्न मालकाला नव्हे, जाकिटाला विचारायचा. ते सपाट टेबलावर पसरून प्रत्येक कप्पा दोन्ही अंगठ्यांनी चाचपावा. एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा पातळ लागली, किंवा तेथे खळगा दिसला, तर त्या कप्प्याची ताकद संपलेली आहे. पडल्यानंतर दबलेला फोम साधारण अर्ध्या तासात पूर्ववत व्हायला हवा. तो झाला नसेल, तर बाहेरचे कापड कितीही नवे दिसो, उपयोग नाही.

मी स्वतः एकदा असे जाकीट एका भाच्यासाठी आणले होते. विकणाऱ्याने ते धुऊन, इस्त्री करून दिले होते, आणि मला त्या स्वच्छतेचे कौतुकच वाटले. घरी आल्यावर लक्षात आले की, इस्त्रीच्या उष्णतेने पाठीचे दोन कप्पे अर्ध्या जाडीचे होऊन बसले आहेत. तुम्ही पाहायला जाल, तेव्हा अंगठ्यांबरोबर एक मोजपट्टीही न्या.